ब्रिजिटचं पान

१

शुक्रवारी दुपारी आमच्या बिल्डिंगमध्ये चिटपाखरू दिसत नाही. लोक मशिदीतून परततात, जेवतात आणि जाड पडदे ओढून झोपतात. ऑक्टोबर उजाडला तरी कुवेतमधल्या ह्या एगैलात ऊन असं, की गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसावा. आत एसी घुमत असतो. मला सातवा महिना होता, पाय सुजलेले, आणि डॉक्टरीणबाईंनी दुपारी पडून राहायलाच सांगितलं होतं. पण मी पाठ टेकली रे टेकली, की नेमकं धाकट्या खोलीतून सुरू व्हायचं. आधी फोनचे आकडे लागल्याचं टिंटिंटिं, मग घसा खाकरल्यासारखी खरखर, मग ती लांबलचक, किरटी किंकाळी. माझा नवरा जयदीप इंटरनेट लावत असायचा.

जयदीप रिफायनरीच्या एका कंत्राटदाराकडे इंजिनियर. येत्या मार्चमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपणार होतं आणि ते पुढे वाढेल असं छातीठोकपणे कुणी सांगत नव्हतं. दुसऱ्या एखाद्या माणसानं चार ठिकाणी अर्ज टाकले असते. ह्यानं आयर्लंडमधले पूर्वज शोधायला घेतले.

हसू नका. त्याच्या वडिलांची आई खरोखरच मूळची आयरिश होती. इगतपुरीला रेल्वेत आलेल्या एका गोऱ्या इंजिनवाल्याची मुलगी. ती तान्ही असतानाच आईबाप प्लेगात गेले. शेजारच्या मराठी कुटुंबानं पोर वाढवली, पुढे लग्न लावून दिलं, आणि ती जन्मभर यमुना म्हणून जगली. घरात हा विषय कुणी काढत नसे. माझ्या सासऱ्यांनी जायच्या आधी तेवढं जयदीपला सांगितलं. तिचं जन्माचं नावही सांगितलं, ब्रिजिट कीन, आणि स्वतः मोकळे झाले. पुढे ऑफिसात कुणीतरी ह्याच्या कानात भरवलं, की आजी आयर्लंडात जन्मलेली असेल तर नातवाला तिकडचा पासपोर्ट मिळतो. झालं! तेव्हापासून आमच्या घरात दुसरं बोलणंच नाही.

"बाळ व्हायच्या आत माझं काम झालं ना शर्मिला, तर बाळालाही मिळेल," तो म्हणायचा. "फक्त आजीच्या जन्माची नोंद सापडू दे."

जन्माची नोंद. हे शब्द त्याच्या तोंडून ऐकले की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

२

मागच्या वर्षी, पलीकडे इराकात युद्ध पेटलं त्याच आठवड्यात, मला मुलगी झाली. दिवस पुरे भरले नव्हते. इथे कुवेतमध्येही सायरन वाजत होते. विषारी वायू सोडतील म्हणून प्रत्येकानं घरातली एक खोली बंद करून ठेवावी असं सांगितलं होतं. आम्ही धाकटी खोली केली. खिडकीच्या फटींना रुंद टेप लावली, वर प्लास्टिक ताणलं. युद्ध पुढे सरकल्यावर टेप काढली, पण डिंक राहिला, आणि चिकटलेली ती खिडकी पुन्हा काही उघडली नाही.

मुलगी दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. नऊ दिवस. मला तिला उचलू दिलं नाही. तोंडात नळी होती, त्यामुळे तिचं रडणंही मी कधी ऐकलं नाही. मी बसायचे तिथून तिचं एक पाऊल दिसायचं. टाचेवर रक्त काढल्याच्या टोचण्या, आणि घोट्याला पांढरी प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर पेनानं लिहिलेलं, 'बेबी ऑफ शर्मिला'. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नव्हतं.

मग एके सकाळी जयदीप आणि त्याचा एक मित्र तिला घेऊन गेले. कुठे ठेवली ते मला सांगितलं नाही. "तू नको विचारूस," एवढंच. आणि दवाखान्यानं दिलेला कागद घेऊन ज्या ऑफिसात तिचा जन्म नोंदवायचा होता, तिथे हा गेलाच नाही. आधी म्हणे युद्ध आहे. मग म्हणे गर्दी आहे. आणि मग, "आता काय उपयोग आहे त्याचा?"

तर असा हा माणूस. पोटच्या पोरीसाठी ज्याला एका ऑफिसचा जिना चढवला नाही, तो शंभर वर्षांपूर्वी क्लेअर नावाच्या कुठल्याशा परगण्यात कोण जन्मलं नि कोण मेलं ते दर शुक्रवारी इंटरनेटची कार्डं खरवडून शोधत होता. मला राग येत होता म्हणजे काय येत होता! भांडी आपटून आपटून माझे हात दुखले. ह्याला ऐकूच जायचं नाही.

३

"सापडलं! लग्न सापडलं!"

एका शुक्रवारी तो ओरडतच बाहेर आला. सासूबाई जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत होत्या. आनंदीबाई त्यांचं नाव. माझ्या बाळंतपणासाठी नाशिकहून आल्या होत्या. गुडघ्यांनी अधू, बोलणं मोजकं. जयदीपनं आम्हां दोघींना कम्प्युटरपुढे नेलं. पॅट्रिक कीन, इंजिन फिटर, आणि त्याची नवरी होनोरा. तिथल्या चर्चमधल्या जुन्या नोंदी कुणीतरी टाइप करून साइटवर घातल्या होत्या. लग्नाखाली मुलांचे बाप्तिस्मे. ब्रिजिट. तिच्याखाली ब्रिजिट. पुन्हा ब्रिजिट. आणि चौथ्यांदा ब्रिजिट.

"चौघी बहिणी एकाच नावाच्या?" मी विचारलं.

"एका वेळी नाही गं. पहिली गेली म्हणून दुसरीला तेच नाव. ती गेली म्हणून तिसरीला. रीतच होती त्यांच्यात. घरातलं नाव मुलाबरोबर जाऊ द्यायचे नाहीत. हे बघ, पहिल्या तिघींच्या मृत्यूच्या नोंदी आहेत. कुणी सात महिन्यांची, कुणी आठ. चौथीची नाही. म्हणजे ती जगली! तीच आपली आजी!"

तो इतका खूश होता की मेलेल्या पोरींची वयं लग्नाच्या याद्या वाचाव्यात तशी वाचत होता.

"माझ्या सासूबाई त्या नावाला ओ देत नसत," सासूबाई मागून म्हणाल्या.

"कोण, आजी? तुला काय माहीत?"

"मामंजींनी एकदा थट्टेत मारली होती हाक. दोन दिवस जेवल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, ते नाव माझं एकटीचं नव्हतं गं."

"बघ! म्हणजे माझं बरोबर आहे," जयदीप म्हणाला आणि त्यानं प्रिंटरमध्ये कागद सरकवला.

४

पितृपंधरवडा आला. आजी सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांचं पान अविधवा नवमीला. दरवर्षी नाशिकला सासरे करायचे. ते गेल्यानंतरचं हे पहिलंच वर्ष, तेव्हा ते जयदीपवर आलं. गुरुवार होता, सुट्टीच. मी अब्बासियाच्या बाजारातून केळीची पानं आणली होती. तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी, कढी, मेथी, भेंडी असं सगळं सासूबाईंनी खुर्चीवर बसून करवून घेतलं.

पितरांचं पान घराबाहेर ठेवतात. हे काय मी सांगायला हवं? पण बाल्कनीत अन्न ठेवलं की कबुतरं येतात आणि खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर घाण करतात, म्हणून आमच्या बिल्डिंगचा हारिस हमीद दोनदा बजावून गेला होता. हारिस म्हणजे राखणदार, आणि इथे त्याचं ऐकावं लागतं.

"मग गच्चीवर नेऊन ठेव," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"हो हो," म्हणत जयदीप पान घेऊन गेला तो थेट धाकट्या खोलीत. मी हात पुसत दाराशी गेले. कम्प्युटरवर त्या ब्रिजिटांच्या ओळी उघड्या होत्या. त्यानं खिडकीखाली कार्पेटवर पान मांडलं, भोवती पाणी फिरवलं, पडद्यावरच्या नावांना हात जोडले आणि म्हणाला, "ब्रिजिट, ये. जेवायला ये."

"यमुना म्हण," मी म्हटलं. "सगळा संसार त्यांनी त्या नावानं केला. तुझ्या बाबांनी त्याच नावानं पान वाढलं."

"तिचं खरं नाव ब्रिजिट होतं."

"पासपोर्टच्या कामाचं म्हणून खरं?"

"शर्मिला, आजच्या दिवशी तरी भांडू नकोस."

त्यानं आणखी दोनदा त्याच नावानं बोलावलं. मग खोलीतला गारवा बाहेर जातो म्हणून दार ओढून घेतलं. संध्याकाळी गच्चीवर नेतो म्हणाला आणि विसरला.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पान उचलायला मीच गेले. आणखी कोण जाणार? जयदीप इंटरनेटची कार्डं आणायला बाहेर पडला होता.

धाकट्या खोलीच्या दारात, फरशी संपून कार्पेट सुरू होतं तिथे, ॲल्युमिनियमची पट्टी बसवलेली आहे. तिचा एक स्क्रू निघालाय, त्यामुळे वरून काही गेलं की टक् वाजते. मी टक् करून आत शिरले आणि चरफडत खाली वाकले. पोट घेऊन वाकायला किती त्रास होतो ते ह्या घरात कुणाच्या गावी नव्हतं.

पान सुकलं होतं. वडे, भाज्या, भात जसेच्या तसे. कढीची वाटी भरलेली, वर साय धरलेली. खिरीच्या वाटीत मात्र नुसती शितं होती. दूध नव्हतं. एसीनं आटलं म्हणावं तर कडेला राप धरायला हवा होता. वाटी आतून लख्ख होती. चावून खायचं ते सगळं तसंच होतं, दूध तेवढं गेलं होतं.

मुंग्या, मी स्वतःला सांगितलं. मुंगी एकही दिसली नाही. मग म्हटलं, मुळात वाढतानाच खीर कमी वाढली असेल. ती मीच वाढली होती.

सगळं पिशवीत भरून टाकून दिलं आणि मी येऊन पडले. सासूबाई त्यांच्या खोलीत घोरत होत्या. डोळा लागतो न लागतो तोच धाकट्या खोलीतून ती किरटी किंकाळी सुरू झाली. आला वाटतं हा, लावलं वाटतं पुन्हा, म्हणून मी उशी डोक्यावर घेतली. आणि मग माझ्या लक्षात आलं, की आधीचं टिंटिंटिं झालंच नाही. खरखर नाही. नुसता तो बारीक आवाज, तुटत तुटत येणारा. मध्ये थांबायचा, पुन्हा यायचा. इंटरनेट मध्ये थांबून श्वास घेत नाही.

मी उठून बाहेर आले. जयदीपच्या चपला रॅकमध्ये नव्हत्या. धाकट्या खोलीचं दार मी लावून घेतलं होतं असं मला वाटत होतं. ते वीतभर उघडं होतं. आवाज थांबला. आणि त्या फटीत, फरशीलगत, पट्टी वाजली. टक्.

मी तिथेच उभी राहिले. दाराला हात लावायचं धाडस झालं नाही, आणि ह्याचाही मला राग आला, माझ्याच घरात.

६

त्या दिवसापासून बाळ हलेनासं झालं. आधी दिवसभर नुसत्या लाथा. आता सकाळी स्वयंपाकघरात उभी असले की जरासं कुशीवर वळल्यासारखं व्हायचं, आणि धाकट्या खोलीवरून बाथरूमला गेले की एकदम गप्प. दवाखान्यात जाऊन आले. ठोके चांगले आहेत, झोपत असेल, असं सांगितलं. मागच्या वेळीही मला सगळं चांगलंच आहे म्हणून सांगत होते. एक मूल गेल्यावर दुसऱ्याची भीती कशी असते ते ज्याचं त्याला ठाऊक.

परतताना खाली लिफ्टपाशी हमीद भेटला. जिना पुसत होता. पाठमोराच म्हणाला, "मबरूक, मॅडम! बेबी आ गया और मिठाई नहीं खिलाया?"

मग वळला आणि माझं पोट पाहून त्याचा चेहरा उतरला.

"किसने बोला बेबी आ गया?" मी विचारलं.

"चौथा मालावाला लोग बोलता है, ऊपर बेबी रोता है. दोपहर को." त्यानं फडकं पिळलं. "हम भी सुना, मॅडम. एक नहीं. दो-तीन."

"दुसऱ्या कुणाचं... किसी और के घर का होगा."

"ये बिल्डिंग में अभी बेबी नहीं है. हमको सब मालूम रहता है."

लिफ्ट आली. त्यानं दार धरलं, मला आत जाऊ दिलं आणि स्वतः बादली घेऊन जिन्यानं निघून गेला.

त्या दिवशी मी जयदीपशी कडाडून भांडले. पान घरात ठेवल्याबद्दल, खोलीबद्दल, सगळ्याबद्दल. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला विश्रांतीची गरज आहे." बायको रागावली की हे एक वाक्य पुरुषांना कुठून सुचतं देव जाणे.

७

दोनच दिवसांनी तो कामावरून आला आणि जेवायच्या आधीच कम्प्युटरला बसला. थोड्या वेळानं बाहेर आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. आम्ही दोघी टेबलाशी होतो.

"चौथीचीही मृत्यूची नोंद निघाली," तो म्हणाला. "वर्षाच्या आतच गेली."

"मग आजी कोण?" मी विचारलं.

"पाचवी असणार. चौथीच्या नंतरची. तिलाही तेच नाव दिलं असणार, पण तिची नोंदच नाही. तिकडे आगीत पुष्कळ कागद जळालेत." त्यानं खुर्चीत अंग टाकलं. "म्हणजे काय झालं बघ. ती जन्मली, जगली, पण नोंद नाही म्हणून कायद्यानं ती नाहीच. मी कुठे आणि कुणाला सांगू, की होती म्हणून?"

मी हातातला डाव खाली ठेवला.

"कळलं का आता?" मी म्हटलं. "नोंद नसली की काय होतं ते?"

त्याला कळलं. त्यानं मान खाली घातली, पण बोलला नाही. त्या दिवशीही बोलला नाही! मी आणखी काही बोलणार होते, तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "जयदीप, नवमीला तू पान कुठल्या नावानं वाढलंस?"

"ब्रिजिट."

"आणि ठेवलंस कुठे? गच्चीवर ना?"

मी सांगितलं कुठे ते. खिरीचंही सांगितलं. हमीद काय म्हणाला तेही सांगितलं. सासूबाईंनी हातातली पोळी ताटात ठेवली.

"दात न आलेल्या पोरांना पान वाढत नाहीत रे," त्या म्हणाल्या. "त्यांचं श्राद्ध नसतं. मोठी माणसं येतात, जेवतात, जातात. तान्ही जेवायला येत नाहीत. राहायला येतात." मग माझ्या पोटाकडे पाहिलं. "घरात एक यायचंय. आणि ह्या आधीच येऊन बसल्यात. त्याला जागा कुठली?"

"आई, काहीतरीच काय!" जयदीप हसला. "आयर्लंडच्या मुली कुवेतला..."

टक्.

आम्ही तिघंही टेबलाशी होतो. घरात चौथं कुणी नव्हतं. जयदीप तोंड तसंच उघडं ठेवून धाकट्या खोलीच्या दाराकडे बघत राहिला. मला त्याची कीव यायला हवी होती. मला वाटलं, बरं झालं, ऐक.

८

"आईनं घालवायचं असतं," सासूबाईंनी सांगितलं. "बापाच्या सांगण्यानं ती हलत नाहीत. दार उघडं ठेवायचं, उंबऱ्याबाहेर दूध ठेवायचं, आणि मायेनं सांगायचं, की झालं आता, जा. एकही मागे ठेवायची नाही. एक जरी राहिली तरी तुझ्या बाळाला सुख लागणार नाही. समजलं ना?"

दुसऱ्या दिवशी जयदीपनं सुट्टी काढली. दुपारचीच वेळ निवडली, तेव्हा बिल्डिंग झोपलेली असते. त्यानं बाहेरचं दार सताड उघडून धरलं. लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत कोमट दुधाचं पातेलं ठेवलं. सासूबाई हॉलमध्ये बसल्या. मी धाकट्या खोलीच्या दारात उभी राहिले. आत पडदा ओढलेला, खाली फटीतून उन्हाची एक बारीक रेघ कार्पेटवर पडलेली, आणि आंबूस वास. अंगावर पाजणाऱ्या बायांच्या कपड्यांना येतो तो.

मायेनं सांगायचं होतं. मला जमलं नाही. तोंड उघडलं आणि रागच बाहेर आला.

"चला, निघा," मी म्हटलं. "तुमच्या आईनं एकच नाव सगळ्यांना पुरवलं त्याला मी काय करू? माझ्या नवऱ्याला अक्कल नाही, म्हणून त्यानं हाक मारली. त्याला तुम्ही नको होता, कागद हवा होता. त्याला कुणीच नको असतं, कागदच हवे असतात! हे तुमचं घर नाही. इथे माझं बाळ यायचंय. बाहेर दूध ठेवलंय ते प्या, आणि जा आपल्या आईकडे. ती शोधत असेल. आईला वाट बघायला लावतात का असं? उठा. एकीनंही मागे राहायचं नाही."

बोलता बोलता मला रडू फुटलं, ते दुःखाचं नव्हतं.

टक्.

माझ्या गाऊनची कड हलली. घोट्याला गार काहीतरी घासून गेलं. पुन्हा टक्. मग लगेच तिसरी. फरशीवरून ओल्या फडक्यासारखा सपसप आवाज बाहेरच्या दाराकडे गेला. जयदीप भिंतीला चिकटला. बराच वेळ काही नाही. मग चौथी. टक्. ही अगदी हळू, नाराजीनं गेल्यासारखी.

आणि पोटात बाळानं लाथ मारली. इतकी जोरात की मी चौकट धरली. मग दुसरी. तिसरी. इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर काढावं तसं ते आत उलथापालथ करत होतं. मला हसू आलं. तोंडावरचं पाणी पुसत मी हसत होते.

"गेल्या का गं सगळ्या?" हॉलमधून सासूबाईंनी विचारलं. "नीट बघ हो."

म्हणून मी आत नीट पाहिलं.

खिडकीखाली, जिथे पान मांडलं होतं, तिथे पडद्याच्या कडेखालून एक पाऊल बाहेर आलं होतं. माझ्या अंगठ्याएवढं. उन्हाची रेघ त्याच्यावर पडली होती. टाचेवर टोचण्या होत्या. घोट्याला पांढरी पट्टी. बाकी सगळं पडद्याआड होतं.

दारातली पट्टी ओलांडून जायला रांगता यावं लागतं. नऊ दिवसांच्या पोरीला कुठलं रांगता यायला?

हिला कुणी हाक मारली नव्हती. हिला हाक मारायला नावच नव्हतं. कुठे ठेवली ते मला सांगितलं नव्हतं, मी दीड वर्ष मनातल्या मनात सगळं कुवेत पालथं घातलं होतं, आणि ती इथे होती. आणि आत्ता, ह्या क्षणी, मी तिला काय सांगितलं होतं? एकीनंही मागे राहायचं नाही.

पाऊल जरासं हललं. बोटं मिटली.

पोटातलं बाळ एकदम गप्प झालं. लाथ मारता मारता मध्येच थांबावं तसं. मी पोटावर हात दाबला. काही नाही. ते काय म्हणत होतं ते मला कळत होतं. सासूबाईंनी सांगितलेलंही सगळं मला कळत होतं. मी काही अडाणी नाही.

"शर्मिला?" जयदीपची हाक आली. "संपलं ना? दार लावू का?"

नोंद केली नाहीस, मला वाटलं. तुला विचारायचा काय हक्क आहे?

"राहिली का गं एखादी?" सासूबाईंनी पुन्हा विचारलं. "चौघीही गेल्या ना?"

"गेल्या," मी म्हटलं. "चौघीही गेल्या. लाव दार."

स्वयंपाकघरात थोडं दूध उरलं होतं. ते मी वाटीत घेतलं, बोट घालून जास्त गरम नाही ना ते पाहिलं, आणि एक मऊ कापूस घेतला. माझ्या पायाखाली पट्टी टक् वाजली. खोलीचं दार मी आतून लावून घेतलं.